सामान्यतः बंद

सौर ऊर्जेवर सलग चाळीस मिनिटं बोलता येतं, हे आमच्या मागीलदारी पॅनेल बसेपर्यंत मला माहीत नव्हतं. पॅनेल एका योजनेतून आलं होतं, त्यामुळे उद्घाटन होणं भाग होतं. पाहुणे दोन तास उशिरा आले. सूर्य वेळेवर आला होता आणि मंडपाबाहेर उभ्या असलेल्या माणसांना आपलं सामर्थ्य कुठल्याही भाषणापेक्षा चांगलं समजावत होता. नारळ फुटला, बॅटरीच्या पेटीला बांधलेली फीत कापली गेली, पाहुण्यांनी बटण दाबलं आणि माशांच्या टाकीत बुडबुडे आले. टाळ्या झाल्या. ते बुडबुडे खांबावरून आलेल्या साध्या लायनीचे होते. बॅटऱ्या आदल्या संध्याकाळीच टेंपोतून उतरल्या होत्या आणि त्यांच्यात काही भरलेलंच नव्हतं. हे मला, फिटरला आणि वहिनीला ठाऊक होतं. वहिनी तोंडाला पदर लावून उभी होती. लोकांना वाटलं, गहिवरली.

टाकी वहिनीची. जांभ्या चिऱ्याची, आतून जाड प्लास्टिकचं अस्तर घातलेली, विहिरीच्या पाण्यावर चालणारी. तिच्यात ती चोनक वाढवते; रायगडकडे त्याला जिताडा म्हणतात. मासा चवीला उत्तम आणि स्वभावाने वाईट. पिल्लं लहानमोठी झाली की मोठी लहानांना गिळतात, म्हणून दर आठवड्याला पाण्यात उतरून ती वेगळी करावी लागतात. माझा मोठा भाऊ बोटीवरून निवृत्त झाला आणि मुलाकडे मुंबईला राहायला गेला. गणपतीला आणि शिमग्याला येतो. ज्याला आयुष्यभर समुद्रावर पगार मिळाला, त्याला घरामागच्या टाकीतलं पाणी म्हणजे पोरखेळ वाटणं साहजिक आहे. वहिनी गेली नाही. तिला इथे काहीतरी स्वतःचं करायचं होतं. मी बायकोसोबत शेजारच्याच खोल्यांत राहतो, हायस्कुलात विज्ञान शिकवून निवृत्त झालो आहे, आणि घरातल्या विजेचं सगळं मला कळतं असा सगळ्यांचा समज होता. माझाही होता.

पहिल्या खेपेची सगळी पिल्लं एका दुपारी गेली. वहिनी धामापूरला एका लग्नाला गेली होती. लाइट गेली, हवेचा पंप थांबला. ती परत आली तेव्हा पाणी पांढरं दिसत होतं, कारण सगळ्यांची पोटं वर होती. तिने ती माडांच्या मुळाशी पुरली. आठ दिवस टाकीकडे फिरकली नाही. मग मला म्हणाली, "भावजी, आणखी एकदा करून बघतलंय. ह्या खेपेक गेली तर टाकी बुजवून थय केळी लावतलंय. मगे माका कोणी काय विचारूचा नाय."

दुसऱ्या खेपेला तीनशे पिल्लं आणली आणि सोबत हे सोलर. योजना साधी होती. टाकीला दोन हवेचे पंप. एक नेहमीच्या लायनीवर, दुसरा सोलरच्या बॅटरीवर. दोघांच्या नळ्या एकाच पाइपात येतात, पाइपातून टाकीच्या तळाशी ठेवलेल्या सच्छिद्र दगडांत, आणि दगडांतून बुडबुडे. लाइट गेली तरी दुसरा पंप चालू राहणार. फिटरने तो दुसरा पंप सरळ बॅटरीला जोडून दिला आणि बॅटरी भरण्याचा कारभार बघणारा कंट्रोलर भिंतीवर ठोकला. कंट्रोलरच्या खालच्या अंगाला दोन छोटी हिरवी तोंडं होती, रबरी बूच बसवलेली. वर लिहिलेलं, ऑक्स-एक, ऑक्स-दोन.

"ही कसली?" मी विचारलं.

"ती एक्स्ट्रा असतात सर. शोची," फिटर म्हणाला आणि मोटारसायकलला किक मारली.

श्रावणात लागोपाठ चार दिवस उजाडलंच नाही म्हणावं असं आभाळ होतं. पंप बॅटरी पीत राहिला आणि बॅटरी तळाला गेली. फोनवर फिटर म्हणाला, "अशी आणखी दोनतीनदा उतरली की फेकून द्या." थांब म्हणणारं कुणी नको का मध्ये, असं मी विचारलं, तर म्हणाला, "ते तुमचं तुम्ही बघायचं." मग मी कंट्रोलरची पुस्तिका काढली. ज्या गोष्टीला शोची म्हटलं होतं, तिच्यावर त्यात सहा पानं होती. बॅटरी ठरावीक पातळीखाली गेली की ऑक्समधून हुकूम सुटतो. त्या हुकुमाने पंप थांबवता येतो, भोंगा वाजवता येतो, काय वाटेल ते करता येतं. फक्त तळटिपेत बारीक अक्षरांत असं होतं की ऑक्समधून निघणारा प्रवाह एखादा छोटा दिवा लागेल एवढाच आहे. पंपाला त्याच्या वीसपट लागतो. थोडक्यात, साहेबांना सही करता येते, खुर्ची उचलता येत नाही. खुर्ची उचलायला मध्ये एक शिपाई लागतो, आणि त्या शिपायाला रिले म्हणतात.

मी ठरवलं ते असं: दोन रिले. ऑक्स-दोनवर भोंगा, तो आधी वाजेल आणि वहिनीला सावध करेल. बॅटरी त्याहून खाली गेली तर ऑक्स-एक पंप थांबवेल. एका दुपारचं काम, असं मी वहिनीला सांगितलं. त्या दुपारीला अडीच महिने लागले.

मालवणच्या बाजारातल्या दुकानदाराने रिले म्हटल्यावर दोन खोकी समोर ओतली. "कसल्याचो होयो? फ्रिजचो की स्टॅबिलायझरचो?"

"सोलरचो."

"सोलरचो रिले नसता गुरुजी. सोलराक सूर्य असता."

गिऱ्हाइकं हसली. मी डीसीचा हवा म्हटलं. त्याने फडताळातून एक निळा ठोकळा काढून पुसला. "ह्यो घेवा. बॅटरेचोच आसा."

"ह्यो बारा व्होल्टचो. माझी बॅटरी चोवीसची."

"मगे दोन घेवा."

पुन्हा हशा. मी तावातावाने बाहेर पडलो आणि बसस्टँडवर पोचेपर्यंत माझ्या लक्षात आलं की रिलेच्या आतली, हुकूम झेलणारी बारा व्होल्टची दोन एकसारखी वेटोळी एकापुढे एक जोडली तर चोवीसवर चालतात. तो विनोद करत होता की बरोबर बोलत होता, हे मला अजून कळलेलं नाही. परत जाऊन विचारणं माझ्या स्वभावात नव्हतं.

मग मोबाइलवरून मागवले. नऊ दिवसांनी पारदर्शक डब्यांतले दोन रिले आले, इतके देखणे की आतली तांब्याची वेटोळी बघत बसावं. वेटोळं चोवीस व्होल्टचं होतं. वर लिहिलं होतं, दहा अँपिअर. पंप चारचा. दहा आणि चार यांत मला दिसायचं ते दिसलं. दहाच्या पुढे 'अडीचशे व्होल्ट एसी' असंही लिहिलं होतं, ते मी वाचलं आणि सोडून दिलं. पडवीत टेबलावर सगळं मांडून तपासायला घेतलं. हुकूम दिला, पंप थांबला. हुकूम काढला, सुरू झाला. वहिनी दारात उभी राहून बघत होती. पंधरासोळा वेळा असं झालं आणि मग हुकूम दिला तरी पंप थांबेना. टकटक करून बघितलं, डबा उघडून बघितला. आतली दोन टोकं एकमेकांना वितळून चिकटली होती.

याचं कारण मी मुलांना वीस वर्षं शिकवलेलं आहे. घरातली वीज सेकंदाला शंभरदा शून्यावर येते, श्वास घेते, त्या क्षणी ठिणगी विझते. बॅटरीची वीज उद्घाटनाच्या पाहुण्यांसारखी असते, मध्ये थांबत नाही. ठिणगी पडली की पडतच राहते. त्यात मोटर सुरू होताना चारच्या कितीतरी पट ओढते. शिकवलेलं आणि कळलेलं यांत किती अंतर असतं, हे त्या वितळलेल्या तुकड्याकडे बघून कळत होतं. दुसरा रिले मी तसाच खिडकीत ठेवला. पंधरा दिवसांत खाऱ्या हवेने त्याचे पाय हिरवे झाले.

वहिनी दररोज आभाळ बघायची आणि ढग असला की पंपाची वायर स्वतः काढून ठेवायची, ऊन आलं की लावायची. म्हणजे माझा रिले तीच होती, त्याला दोन पाय होते आणि तो उत्तम चालत होता. पण त्या पायांना बाजाराला जाता येत नव्हतं, माहेरी जाता येत नव्हतं. चुलत बहिणीकडची वास्तुशांत तिने सोडली. "मी रवतंय घराकडे," म्हणाली. हे ऐकून मला माझ्या खिडकीतल्या हिरव्या पायांचा फार राग आला.

ट्रकची बॅटरी चोवीस व्होल्टची असते, हे मला एका एसटी ड्रायव्हरने सहज गप्पांत सांगितलं. दुसऱ्याच दिवशी कणकवलीला उतरून पुढे नांदगावला गेलो. हायवेच्या कडेला पत्र्याच्या शेडमध्ये एक ट्रक-इलेक्ट्रिशियन डॅशबोर्डाखाली शिरलेला होता. फक्त पाय दिसत होते.

"काय होया?" पायांनी विचारलं.

"चोवीसचे दोन रिले."

"गाडी खंय?"

"गाडी नाय. मासे आसत."

तो बाहेर आला. साठीचा माणूस, कपाळाला ग्रीस. "माशांका रिले? माशे हॉर्न वाजवतत?"

मी सगळं सांगितलं. तो हसायचा थांबला आणि ज्या दोन गोष्टी अडीच महिन्यांत कुणी विचारल्या नव्हत्या, त्या त्याने विचारल्या: पंप सुरू होताना किती खेचतो, आणि रिले दिवसभर ओढलेला राहणार की कधीतरीच. मग बरणीतून दोन काळे ठोकळे काढले. एक ठोकळा उलटा करून आकडे कोरलेल्या पायांवर स्क्रूड्रायव्हर ठेवत गेला. "हो तीस, हयसून बॅटरी येता. पंच्याऐंशी-शहाऐंशी कॉइलचे. हो सत्त्याऐंशी, सांगल्यार धरता. हो सत्त्याऐंशी ए, सांगल्यार सोडता. संपला. आत डायोड आसा, कॉइल उलटी जोडलास तर तुमच्या त्या मशिनीचो धूर. आणि दर्याकडचे तुमी, पिना खाली करून बसवा. पाणी रवाक देव नकात."

एवढंच. त्याच्या शेडवर कुठलीही पाटी नव्हती. मी एसटीत ते दोन ठोकळे खिशात धरून बसलो होतो आणि मला इतक्या दिवसांत पहिल्यांदा बरं वाटत होतं.

इथपर्यंत दोष दुसऱ्यांचा होता, असं म्हणता येईल.

पंप मी सत्त्याऐंशी ए ला जोडायचा ठरवला. कारण स्पष्ट होतं. हुकूम नसताना पंप चालू, हुकूम आला की बंद. उद्या कंट्रोलर बिघडला, ऑक्सची वायर उंदराने कुरतडली, रिलेचं वेटोळं जळलं, काहीही झालं तरी पंप चालूच राहील. भोंगा मात्र हुकुमाशिवाय वाजायला नको, म्हणून तो सत्त्याऐंशीला. कंट्रोलरच्या पेटीतली जोडणी करायला गावचा वायरमन येणार होता. तो माझाच विद्यार्थी, आता चाळिशीचा. नेमका त्याच दिवशी मला हयातीच्या दाखल्यासाठी ओरोसला जायचं होतं. पेन्शनवाल्यांना वर्षातून एकदा आपण जिवंत असल्याचं सिद्ध करावं लागतं, आणि त्याला दिवसभर लागतो. म्हणून मी वायरमनसाठी कागद लिहून ठेवला.

त्या कागदावर मी 'सत्त्याऐंशी ए' लिहायला हवं होतं. पण ते मला कसंतरीच वाटलं, गॅरेजमधलं वाटलं. पुस्तिकेत त्या टोकाला नॉर्मली क्लोज्ड म्हणतात, दुसऱ्याला नॉर्मली ओपन. आमच्या पाठ्यपुस्तकात बंद परिपथ आणि खुला परिपथ असे शब्द आहेत. परिपथ बंद म्हणजे साखळी पूर्ण, म्हणजे वीज वाहते. खुला म्हणजे तुटलेला, वीज नाही. मी सुवाच्य अक्षरात लिहिलं: 'ऑक्स एक. हवापंप सामान्यतः बंद टोकास जोडावा. ऑक्स दोन. भोंगा सामान्यतः खुल्या टोकास जोडावा.' खाली रेघ मारली. सहीसुद्धा केली, असं आठवतं.

ओरोसला रांगेत असताना त्याचा फोन आला. मागे कर्कश आवाज येत होता.

"सर, भोंगो वाजताच आसा! बॅटरी फुल्ल, तरी वाजता. वयनी कानात बोटां घालून बसलीहा."

"अरे, मग उलट्या टोकाला लागलाय तो. दुसऱ्याला लाव."

"दुसऱ्याक? बरां." आवाज थांबला. "हां, गप झालो. पंपाचा तुमी लिवल्याप्रमाणे केलंय."

"शाब्बास," मी म्हणालो.

दोन ओळींतली एक उलटी लागली होती, तर दुसरी कशी लागली असेल, एवढा प्रश्न आठवीतल्या पोराला पडला असता. माझा नंबर आला होता. मी जिवंत असल्याच्या कागदावर अंगठा ठेवायला पुढे गेलो.

अकरा दिवस सगळं छान होतं. टाकीत बुडबुडे येत होते, कंट्रोलरवर बॅटरी भरलेली दिसत होती. वहिनीने वायर काढायची-लावायची सोडून दिली. एकदा कट्टा गावच्या बाजाराला जाऊन आली, आणि येताना मला गुळाचं खाजं आणलं.

बाराव्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास कुणाच्या तरी माडाची झावळ तारेवर पडली. मी पडवीत पेपर वाचत होतो. पंखा थांबला तेव्हा मी मानही वर केली नाही. उलट मनातल्या मनात, आता बघा, असं म्हटलं.

"भावजी! बुडबुडे गेले!"

मी धावलो. पाणी सपाट होतं. असं सपाट पाणी मी त्या टाकीत कधी पाहिलं नव्हतं. पिल्लं, आता वीतभर झालेली, एकेक करून वर येत होती आणि तोंडं पाण्याबाहेर काढून उघडमीट करत होती. मी कंट्रोलरकडे गेलो. बॅटरी शंभर टक्के. बिघाड नाही. हुकूम नाही. हुकूम नाही म्हणजे पंप चालू असायला हवा. पंप हाताला गार लागला. मी पेटीवर थापटी मारली. पुन्हा आकडे वाचले. आकडे बरोबर होते. बरोबर आकडे आणि बंद पंप, यांचा मेळ बसेना, आणि तो बसवल्याशिवाय हात हलवायची मला सवय नव्हती.

"तेच्या तोंडाकडे काय बघत रवलास? बालदी घेवा!"

ती टाकीत उतरली होती, साडी गुडघ्यापर्यंत खोचून. कळशीने पाणी उचलायची आणि डोक्यावरून खाली ओतायची. पाणी जेवढ्या उंचावरून पडेल तेवढी त्यात हवा मिसळते. मी दुसऱ्या बाजूने बादली धरली. दहा मिनिटांत माझे खांदे भरून आले. ती थांबत नव्हती. पोटं वर करून दोनचार पिल्लं तिच्या पायांना लागून गेली, तिने बघितलं आणि कळशी भरली.

"पयली होती तशी लावा," ती ओतता ओतताच म्हणाली.

"काय?"

"पंप! पयलो होतो तसो, सरळ बॅटरेक! ती तुमची डबी काढा मधली!"

हे मला सुचलं नव्हतं. मी ओल्या हातांनीच पेटी उघडली, पंपाची वायर रिलेतून ओढून काढली आणि बॅटरीच्या फ्यूजखालच्या टोकाला लावली. ठिणगी उडाली, पंप गुरगुरला, नळी हलली, आणि कोपऱ्यातून बुडबुड्यांची एक बारीक रेघ वर आली. वहिनीने कळशी खाली ठेवली नाही. आणखी कितीतरी वेळ ती ओततच होती.

सदतीस गेली. ती तिने हाताने काढून केळीच्या पानावर ठेवली. मी मोजली, तिने मोजली नाहीत.

संध्याकाळी वायरमन आला. मी त्याच्यावर आवाज चढवला, इतका की दगडी गडगा ओलांडून शेजारचे बघायला लागले. पंप चुकीच्या टोकाला जोडलास, लोकांचा जीव जातो अशाने, शाळेत असंच करायचास, आणि अजून काय काय. त्याने शांतपणे खिशातून माझा कागद काढला. घडीवर घडी करून जपून ठेवला होता.

"सर, तुमीच लिवलास. हयसर बघा. 'हवापंप सामान्यतः बंद.' म्हणान बंद ठेवलंय. माका वाटला, बरोबरच आसा, लायनीचो पंप चालू आसा तवसर हेका कित्याक चलवचो? फुकट बॅटरी जातली."

"अरे, टोक बंद! टोक बंद म्हणजे पंप चालू!"

"बंद म्हणजे चालू?"

"परिपथ बंद म्हणजे..." मी हवेत वर्तुळ काढलं. वहिनी पायरीवर बसली होती.

"आणि भोंगो खुलो लिवलास," तो म्हणाला. त्याच्या आवाजात तक्रार नव्हती, खरोखरची शंका होती. "खुलो म्हणजे वाजाक मोकळो ना, सर? तो वाजाक लागलो तेवा तुमीच सांगलास उलटो लाव म्हणान. माका वाटला, भोंग्याचा तुमच्या हातून चुकलाहा. सगळ्यांचाच चुकता कदीतरी."

आमच्या घरात दिवा बंद कर म्हटलं की दिवा जातो. पंखा बंद, रेडिओ बंद, शाळा बंद. जन्मापासून आजपर्यंत मी स्वतः हा शब्द दुसऱ्या कुठल्या अर्थाने बोललेलो नाही. फक्त वर्गात, खडू हातात असताना, तो उलटा व्हायचा, आणि परीक्षा झाली की मुलं तो पुन्हा सुलटा करून घरी न्यायची. तेच बरोबर करत होती. त्या जोडणीने नेमकं काय केलं होतं, हे मी तिथे उभ्या उभ्या मांडून बघितलं. बॅटरी भरलेली असताना पंप थांबलेला; बॅटरी मरायला टेकली की पंप सुरू. इतकी मूर्ख यंत्रणा मुद्दाम करायची म्हटली असती तर जमली नसती. आणि अकरा दिवस लायनीच्या पंपाचे निम्मे बुडबुडे बघून आम्ही तिच्यावर खूश होतो. उद्घाटनाच्या दिवशी टाळ्या वाजवणारी माणसंही असेच कुठले तरी बुडबुडे बघून टाळ्या वाजवत होती. त्यांना हसणाऱ्यांत मीही होतो.

"तुमचा मराठी चांगला आसा, भावजी," वहिनी पायरीवरून म्हणाली. "पण माशांक समजणा नाय."

वायरमन हसला, मग माझ्याकडे बघून पेटीकडे वळला. मी हसलो नाही. मला तिचा राग आला नव्हता, वायरमनचाही नव्हता. त्यामुळे आलेला राग कुठे ठेवायचा, हेच कळत नव्हतं. वायरमनने पाच मिनिटांत वायर बदलली. "सत्त्याऐंशी ए म्हटला असता तर..." असं काहीतरी पुटपुटला आणि वाक्य पुरं न करता गेला. पूर्वीही वर्गात माझ्यासमोर तो वाक्यं पुरी करत नसे.

त्यानंतर वहिनीने एक नियम केला. दररोज सकाळी चहा झाला की ती स्वतः लायनीचा मेन खाली ओढते आणि टाकीशी जाऊन उभी राहते. मला शेजारी उभं करते. कंट्रोलर बघू देत नाही. लायनीचा पंप थांबला की बुडबुडे निम्मे होतात. उरलेले निम्मे सोलरचे. ते आहेत ना, तुटत नाहीत ना, हे ती पाण्याकडे बघून ठरवते, दोन मिनिटं, कधी पाच. माझ्याकडे बघत नाही. मग "वर करा," म्हणते, आणि मी मेन वर करतो. पहिल्या दिवसांत त्या दोन मिनिटांत मला इतकं ओशाळवाणं व्हायचं की मी चपलेने वाळू उकरत बसायचो. हे ओशाळणं महिनाभर चाललं; मेन ओढणं आजही चालू आहे. घरात कुणाला काही समजावून सांगायची माझी हौस याच काळात कमी झाली, असं बायको म्हणते.

टाकी बुजवायची की ठेवायची, हे ती बोललीच नव्हती. भावाचा फोन आला तेव्हा त्याने विचारलं, तर "बघूया" म्हणाली. मी केळीच्या रोपांची चौकशी तिच्या तोंडून ऐकायची वाट बघत होतो, आणि ती येत नव्हती म्हणून समाधान मानत होतो.

परवा सकाळी तिने मेन खाली ओढला. बुडबुडे निम्मे झाले. मासे आता हातभर आहेत. एकही वर आला नाही. मी मेनशी जाऊन हात तयार ठेवला. ती "वर करा" म्हणेना. मी वळून बघितलं. ती खाद्याचा डबा घेऊन टाकीच्या दुसऱ्या टोकाला गेली होती आणि मूठ मूठ टाकत होती. मासे उसळत होते. तिचं खाद्य टाकून झालं, डबा झटकला, झाकण लावलं, विहिरीवर जाऊन हात धुतले. परत आली तेव्हा मी तसाच उभा होतो.

"उभे कित्याक?" ती म्हणाली. "चाय घेतलास?"

मेन अजून खालीच होता.